हळदीचं गाणं आणि उस्मानपुऱ्यातला क्लास

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला चार बायांत गाता येत नव्हतं. आवाज नव्हता असं नाही. रानात एकटी खुरपत असले की मी मोकळी गायचे. पण कुणाची नजर माझ्याकडं वळली की आवाज बाहेर पडायचा नाही. आणि आमच्याकडं हळदीला घरच्या सुनांना गावंच लागतं. हळद दळायला बसलं की पहिलं गाणं देवाला, मग नवरदेवाच्या आईबापाला, मग मामाला, आत्याला, आणि त्यानंतर भावकीतल्या एकेकाला, ज्याचं त्याचं नाव घेऊन. गाण्यात नाव आलं म्हणजे माणूस मांडवात आला. नाव राहिलं तर रुसवा, आणि तो रुसवा पुढच्या लग्नापर्यंत टिकतो.

माझी थोरली जाऊ या कामात पहिली. तिचा आवाज ऐकून तीन गल्ल्या पलीकडच्या म्हशी कान टवकारतात, असं माझे सासरे म्हणायचे. मी तिच्याशेजारी जात्याचा खुंटा धरून नुसते ओठ हलवायचे. मग ती मांडीला चिमटा काढायची.

"तोंडात सुपारी धरलीस काय गं? म्हण की!"

"म्हणायले की, बाई."

"व्हय, मुंगीच्या कानात म्हणायलीस."

अशी बरीच वर्षं गेली. मग चुलत दिराच्या मुलाचं लग्न निघालं आणि नेमका त्याच आठवड्यात जाऊबाईंचा घसा बसला. पाणी मागायलासुद्धा त्या खुणा करत होत्या. गाणं माझ्यावर आलं. मला जेवण गोड लागेना. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, "मम्मी, तू आतल्या खोलीत गा. मी मोबाईलमध्ये भरून घेते. उद्या तेच लावू."

"लोक हसतील."

"नाही गायलीस तरी हसणारच आहेत."

हे खरं होतं. दार लावून, भिंतीकडं तोंड करून मी गायले. दुसऱ्या दिवशी तिनं छोटा स्पीकर खिडकीत ठेवला आणि मी खाली मान घालून जातं ओढत बसले. पहिलं गाणं संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग समोरची एक बाई ओरडली, "आगं बया! ही इथं आन् हिचा आवाज तिथं!"

सगळ्या हसायला लागल्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण माझ्या चुलतसासूबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्या म्हाताऱ्या होत्या, त्यांचं कुणी मोडत नसे. "थांबा गं. आत्ता माझं नाव आलं त्यात. पोरी, मागं नेऊन लाव परत."

परत लावलं. मग दुसरीला तिचं नाव ऐकायचं होतं, मग तिसरीला. तोंडानं गायलेलं नाव एकदा येतं आणि जातं. हे हवं तितक्यांदा येत होतं. हळद दळून झाली तरी बाया उठल्या नाहीत.

पुढची वर्षं दुष्काळाची होती. बीड बायपासच्या पलीकडचं आमचं गाव तेव्हा धड गाव राहिलं नव्हतं आणि धड शहर झालं नव्हतं. विहिरी आटल्या, टँकर यायला लागला, दारोदार निळे प्लास्टिकचे ड्रम उभे राहिले. आमच्या यांची वाळूजला कंपनीत नोकरी होती म्हणून घर सुरळीत चाललं. लग्नं काही थांबली नाहीत, लहान झाली. मांडव अंगणाएवढा, जेवण साधं, बँड नाही. पण नावं तर घ्यायलाच हवीत. गाणाऱ्या म्हाताऱ्या बाया एकेक करून कमी होत होत्या आणि नव्या सुनांना गाणी येत नव्हती. मग लोक माझ्याकडं यायला लागले. 'त्या मोबाईलच्या गाण्यात आमची नावं घालून द्या' म्हणायचे आणि त्याचे पैसे हातावर ठेवायचे.

मुलीनं मला एक फुकटचं ॲप घेऊन दिलं. त्यात एका आवाजावर दुसरा आवाज ठेवता यायचा, पोळीवर पोळी ठेवावी तसा. बटणांवर सगळं इंग्रजी. माझ्या माहेरी शाळा चौथीपर्यंतच होती, त्यापुढची नदीपलीकडं, म्हणून माझं शिक्षण तिथंच थांबलं. मराठी मी पुढंही वाचत राहिले, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडला नाही, पण इंग्रजी ते राहिलंच. मी बटणं चित्रावरून ओळखायला शिकले. कात्री, लाल ठिपका, उलटा बाण. उलटा बाण मला फार आवडायचा. मांडवात चुकलं की चुकलं. इथं मागं जाता येत होतं.

ठेक्याला ढोलकी नव्हती. मी रिकामा निळा ड्रम उलटा घातला आणि तळव्यानं वाजवला. भरदार आवाज यायचा. देवाचं कडवं मी पाण्याच्या टाकीत उतरून म्हणायचे. अंगणाखाली बांधलेली आमची सिमेंटची टाकी त्या साली तळ दाखवून होती. ती घासायला म्हणून शिडीनं उतरले आणि सहज गुणगुणले, तर आवाज असा फिरून आला की लहानपणी वेरूळच्या लेण्यात ओ दिलेली आठवली. देवाला बोलावणं इथूनच जावं असं मनानं घेतलं. पण माणसांची नावं टाकीत घेतली की एकात एक मिसळायची, मामा कोण आणि काका कोण कळेना. म्हणून नावांसाठी मी गोधड्यांत शिरायचे. खाटेवरून चारी बाजूंनी गोधड्या खाली सोडायच्या आणि आत खाटेखाली बसायचं. तिथं आवाज कोरडा आणि जवळचा येतो, कुणी कानाशी बसून नाव घेतल्यासारखा. मे महिन्याची दुपार, वर पत्रा आणि भोवती गोधड्या. मी बाहेर यायचे तेव्हा न्हाऊन आल्यासारखी दिसायचे.

आमचे हे पहिल्या पाळीहून आले की विचारायचे, "आज देव का माणसं?" म्हणजे आज टाकी की गोधडी.

उंच सुरासाठी जाऊबाईंना बोलवायचे. त्यांना खाटेखाली बसवणं म्हणजे मोठं काम.

"मी काय कोंबडी हाय का गं, पाटीखाली झाकायला?"

बसायच्या मात्र. आणि एकदा बसल्या की मी थांबा म्हणेपर्यंत गायच्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज गाण्यात यायचा. तो मी कधी कात्रीनं कापला नाही, कारण बांगड्या वाजल्या की ऐकणाऱ्याला जातं फिरताना दिसतं. कडवी मी जुनी घ्यायचे, काही स्वतः जुळवायचे.

'पिवळं झालं दार, पिवळा झाला पार,
मामाच्या मानाचा आधी आणा हार.'

हे माझं. पैठण रोडच्या दोन-तीन गावांत बायका ते आता जुनं म्हणून गातात. मी सांगत नाही. ऐकते आणि गप्प बसते, पण त्या दिवशी भाकरी नेहमीपेक्षा मोठी थापली जाते.

मग पाऊस बरा झाला. टाकी भरली. आणि शहर आमच्या अंगावर आलं. आमच्या शिवारात आधी दगड रोवले गेले, मग प्लॉट पडले, मग बायपासच्या कडेनं एकामागून एक लग्नाची लॉन उभी राहिली, कमानी आणि कारंजी लावून. हळद अंगणातून उठून लॉनवर गेली. तिथं छोटा स्पीकर कुठला, माणसाहून उंच डब्यांची भिंतच असते. माझं गाणं त्या भिंतीवर लागणार असं एका घरानं सांगितलं तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसून गेले.

गाणं लागलं आणि जमीन हलली. धप्प, धप्प, धप्प. बायांच्या हातातली हळदीची ताटं थरथरायला लागली. माझा आवाज पुरात सापडलेल्या माणसासारखा मधूनच वर यायचा आणि बुडायचा. नाव तर एकही समजेना. नवरदेवाचा मामा गंगापूरकडचा मोठा बागायतदार होता, फेटा बांधून पहिल्या खुर्चीवर बसला होता. गाणं संपलं तसा तो उठला.

"आमचं नाव घेतलं नाय."

मी पुढं झाले. परक्या पुरुषाशी इतक्या माणसांत बोलायची माझी पहिलीच वेळ. मोबाईलवर तेच गाणं लावून त्याच्यापुढं धरलं. "घेतलंय की दादा. हे बघा."

त्यानं नीट ऐकलं. त्यात त्याचं नाव स्वच्छ होतं. "मोबाईलात घेतलंय व्हय," तो म्हणाला. "पर लगीन मोबाईलात हाय का?"

तो जेवायला बसेना. चारजण समजूत घालायला गेले. शेवटी जाऊबाईंनी कमरेला पदर खोचला आणि माइक न घेता त्याचं नाव घालून कडवं म्हटलं. सगळ्या लॉनला ऐकू गेलं. तो हसला आणि पंगतीला बसला. मी हात धुवायच्या नळांपाशी उभी होते. जाऊबाई तिथं आल्या.

"कामून रडायलीस? तुझं गाणं लई चांगलं हाय. त्या डब्यांना अक्कल नाय."

पण डब्यांचा दोष नव्हता. माझ्या गाण्यानंतर त्याच डब्यांवर दुसरी गाणी लागली होती आणि त्यातला शब्द न् शब्द कळत होता. माझ्याच गाण्यात काही तरी होतं आणि ते काय हे मला समजत नव्हतं.

लॉनच्या स्पीकरवाल्याला मी मुलीकरवी विचारलं. भला माणूस होता. "भाभी, टेन्शन कायको लेते? गाना मेरे कू दे दो, मैं बराबर करके बजाता." त्याच्या लॉनवर पुढच्या वेळी गाणं खरंच बरं वाजलं. दुसऱ्या लॉनवर, दुसऱ्या माणसाच्या हाताखाली, पुन्हा तेच धप्प धप्प. प्रत्येक मांडवात त्याला कुठून नेणार?

मुलगी तोवर कॉलेजात गेली होती. ती म्हणाली, मोबाईलवर सगळं शिकायला मिळतं. तिनं मला व्हिडिओ लावून दिले. सगळी तरणी पोरं, हिंदीत आणि इंग्रजीत भराभरा बोलणारी. मी स्वयंपाक करता करता दोन महिने ऐकले. त्यातून काही शिकले नाही असं म्हणणार नाही. आवाज कसा कमी-जास्त करत आणायचा, खरखर कशी काढायची, हे तिथंच शिकले. पण त्यात आधी आपण विचारायचं आणि मग ते सांगणार. माझं दुखणं असं की विचारायचं काय हेच मला माहीत नव्हतं. डॉक्टरला 'कुठं दुखतं' हे तरी सांगता येतं. मला माझ्या गाण्याचं कुठं दुखतंय तेच सांगता येईना. शिवाय व्हिडिओतला माणूस बोलतो, तो माझं गाणं ऐकत नाही.

मग मुलीनंच उस्मानपुऱ्यातला क्लास शोधून काढला. संगीत तयार करायचं शिक्षण, रेकॉर्डिंगपासून शेवटपर्यंत. असं शिक्षण असतं आणि ते आपल्या शहरात मिळतं हे मला ठाऊकच नव्हतं. पहिला तास फुकट बघायला देत होते.

"तू जा आणि मला येऊन सांग," मी म्हणाले.

"मी काय सांगणार? गाणी तू करतेस."

"मग आपण दोघी जाऊ. पण शिकायचं तुला आहे असं सांगायचं."

तिनं कपाळावर हात मारून घेतला, पण कबूल झाली.

ज्यूसच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर तो क्लास. भिंतींना काळा स्पंज लावलेला. आत गेल्याबरोबर मला ती खोली ओळखीची वाटली, कारण तिथंही आवाज गोधडीत बसल्यासारखा कोरडा येत होता. शिकवणारे सर माझ्या भाच्याच्या वयाचे, टोपी उलटी घातलेली. सात-आठ पोरं खुर्च्यांवर होती. सर मुलीला म्हणाले, "तुझं काही केलेलं असेल तर लाव." तिनं माझं हळदीचं गाणं लावलं.

टाकीतलं कडवं सुरू झालं आणि सर पुढं सरकून बसले. "हे कुठं रेकॉर्ड केलंस?"

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी जमिनीकडं. "टाकीत," ती म्हणाली.

"कसल्या टाकीत?"

"पाण्याच्या."

"पाणी होतं?"

आता तिला काय माहीत कोणत्या वेळचं ते. मी पुटपुटले, "नव्हतं. दुष्काळ होता."

सर माझ्याकडं वळले. "काकू, हे तुमचं आहे?"

मी मान हलवली. मला वाटलं आता हसतील. ते हसले, पण आनंदानं. पोरांना म्हणाले, हे पुन्हा ऐका. माझं गाणं त्या खोलीत सगळ्यांनी पुन्हा ऐकलं, कुणी मोबाईलकडं बघितलं नाही. मग सर म्हणाले, "आता मोठ्यावर लावतो," आणि मोठे स्पीकर चालू केले. धप्प, धप्प. तेच, लॉनवरचं.

त्यांनी पडद्यावर एक चित्र आणलं. त्यात डावीकडं एक मोठा डोंगर उठत होता आणि पडत होता. "हा तुमचा ठेका. कशावर वाजवलाय?"

"ड्रमवर. पाण्याच्या."

"त्याच्या आवाजात खालचा घुमारा फार आहे. मोबाईलचा स्पीकर एवढासा, तो हा घुमारा काढूच शकत नाही. त्यामुळं तुम्हाला तो गाण्यात कधी ऐकूच आला नाही. ठेका कमी वाटतोय म्हणून तुम्ही वाढवत गेलात. बरोबर?"

अगदी बरोबर. मी तसंच करत आले होते.

त्यांनी माऊस धरून तो डोंगर हळूहळू खाली बसवला. ठेका गेला नाही, ठेका राहिला, पण आपल्या जागी. आणि त्याच्यावर, त्या मोठ्या स्पीकरमधून, मामाचं नाव आलं. मग आत्याचं. मग एकेक करून सगळ्यांची. मागं जाऊबाईंच्या बांगड्यासुद्धा.

मी कितीतरी गाणी केली होती आणि त्यांच्यातला एवढा मोठा आवाज मला स्वतःला ऐकू आला नव्हता. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट असं वाटलं की आपल्याच घरात एक खोली आहे आणि तिचं दार आज दिसलं. ती सगळी बघितल्याशिवाय आता चैन पडणार नव्हतं.

तास संपल्यावर सरांनी खरं ते सांगितलं. मोठा कोर्स वर्षभराचा. त्याच्या सर्टिफिकेटला दहावी लागते, आणि त्यातलं पुष्कळसं सिनेमाचं आणि गेमचं असतं. छोटा कोर्स चार महिन्यांचा, रेकॉर्डिंग आणि आवाज जुळवणं एवढंच, त्याला अट नाही. "मी मराठीतून सांगतो," ते म्हणाले, "पण शब्द इंग्रजी येणार. आणि खोटं कशाला बोलू, घरी बसून शिकलेले लोकही आहेत."

घरी आल्यावर दोन दिवस माझ्या डोक्यात तेच. फी माझ्या गाण्यांच्या पैशातून भागणार होती, तिची अडचण नव्हती. अडचण माझीच होती. पोरांच्यात जाऊन बसायचं, सर काही विचारणार, सगळे माझ्याकडं बघणार. जाऊबाईंच्या कानावर गेलंच.

"शिकायचं वय पोरीचं, आन् ही निघाली दप्तर घेऊन. डबा बी नेणार का? चिवडा दिऊ?"

"द्या की. पोरांना बी वाटून टाकीन."

त्या हसल्या. गव्हातले खडे वेचत बसल्या होत्या. खाली बघतच म्हणाल्या, "तिथं शिकून आलीस की आमचे घसे चालायचे नायत तुला. बांगड्या काढा म्हणशील. सुरात म्हणा म्हणशील."

त्यांना ही भीती असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"बाई, लॉनवर तुम्ही माइक न घेता गायलात, ते सगळ्यांना ऐकू गेलं. त्या डब्यांच्या भिंतीतून तुमचाच आवाज गाळ होऊन बाहेर येतो. तो तुमच्यासारखा यावा म्हणून तर जायलेय."

त्यांनी सूप झटकलं. "मग जा की. मला कशाला विचारायलीस?"

आमच्या यांना मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तरी त्या संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "कंपनीत नवीन मशीन आलं की आम्हाला बी ट्रेनिंगला बसवतात. शिकवणारा इंजिनियर पोरगा असतो, आम्ही पंधरा-वीस वर्षांचे जुने. पहिल्या दिवशी कोण बोलत नाय. आपलं मशीन बंद पडलं की मग सगळे विचारतात."

"आन् माझं बंद पडलंय."

"लॉनवर पडलंय. घरी चालूच हाय. ठरव तू."

मी ठरवलं. मोठा कोर्स नको. दहावी नाही म्हणून नव्हे, मला सिनेमाला आवाज द्यायचा नव्हता म्हणून. घरी बसूनही नको, कारण घरी माझं गाणं ऐकून 'इथं चुकलंय' असं म्हणणारं कुणी नाही. घरचे सगळे चांगलंच म्हणतात. छोटा कोर्स करायचा. आणि एकटीनं जायचं, मुलगी बरोबर असली की सर पुन्हा तिलाच विचारतील.

ठरवणं सोपं गेलं. पहिल्या दिवशी मी शेअर रिक्षानं उस्मानपुऱ्यात उतरले, ज्यूसच्या दुकानापाशी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले, आणि मेथीची जुडी घेऊन परत आले. मुलीनं मेथीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हे शिकवलं का आज?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी भाजीची पिशवीच नेली नाही.

नावं लिहून घ्यायच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "मुलीचं नाव सांगा."

"मुलीचं नाही. मला शिकायचंय."

"शिक्षण?"

"चौथी."

तो शब्द मी रिक्षात बसल्यापासून जड ओझ्यासारखा आणला होता. तिनं तो टाइप केला आणि पुढचं विचारलं, "सकाळची बॅच की संध्याकाळची?"

मी सकाळची घेतली.

पहिले काही तास मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत राहिले. पोरं चांगली होती. एक मुलगी स्वतः गाणी लिहायची, एक मुलगा लग्नात कीबोर्ड वाजवायचा, बाकीचे कॉलेजातले. मला काकू म्हणायचे आणि संगणक चालू करून द्यायचे. काही शब्द मी मराठीत लिहून घ्यायचे, काही चित्र काढून. एक दिवस सरांनी गाण्याचा एकच तुकडा दोनदा लावला आणि विचारलं, दुसऱ्यात काय बदललं ते लिहा. सगळ्यांनी खाली माना घालून लिहायला सुरुवात केली. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. दोन्ही तुकडे मला सारखेच. मला वाटलं, सगळ्यांना आलं, मलाच नाही. गप्प बसले असते तर कुणाला समजलंही नसतं. पण मग मी इथं आले कशाला? गप्प बसायला तर घर होतंच.

मी उभी राहिले. हल्ली वर्गात उभं राहून बोलत नाहीत, हे मला नंतर कळलं.

"सर, मला फरक कळला नाही. परत लावा."

सगळे माझ्याकडं बघत होते. कीबोर्डवाला मुलगा म्हणाला, "सर, मला पण नाही कळला." मग ती गाणी लिहिणारी मुलगी, मग मागचे दोघं.

"मग इतका वेळ लिहीत काय होतात?" सर म्हणाले. खोलीभर हसणं झालं. त्यांनी परत लावलं. मी डोळे मिटले. तरी नाही. आणखी एकदा लावायला सांगितलं. या वेळी ऐकू आलं. आवाज मोठा झाला नव्हता, लहानही झाला नव्हता. गाणारी बाई नुसती एक पाऊल पुढं येऊन उभी राहिली होती.

"बाई पुढं आली," मी म्हणाले.

"आली," सर म्हणाले. "कशानं आली ते आता बघू." आणि त्यांनी आणखी एक, नवा तुकडा लावला. तोही मला पहिल्या खेपेला कळला नाही. मी उभीच होते. म्हणाले, "परत लावा."